ओटीतल्या ग्रिपा

मी किसन. आडनाव लिव्हू नका, आडनावानं काय लाईट येत न्हाई. जन्म माझा उसाच्या फडातला. आई-बाप दर साली दसरा झाला की पाथर्डीच्या अंगाचा हा माळ सोडून कारखान्याला ऊस तोडायला जायाचे, तिथंच पाचटाच्या कोपीत मी झालो. जन्मतारीख इचारू नका, कारखान्याचं धुराडं चालू हुतं एवढंच आईला ठावं. साळंत दोन वर्सं गेलो, ती बी अर्धी अर्धी, कारन अर्धं साल फडात. मास्तर म्हनायचा, किसन्या, तुज्या डोक्यात उजेड पडायचा न्हाई. काय सांगू तुमाला, त्याच मास्तरच्या घरात फुडं उजेड मीच पाडला, वायरिंग केली त्याची, अन् एक बटन मुद्दाम उलटं बसवलं, खाली दाबलं की बंद, वर केलं की चालू. मरस्तवर तो रोज ते बटन चुकीचंच दाबत हुता. शिकलेला मानूस.

लगीन झालं तवा मिशी बी फुटली नव्हती. बायको कौसल्या. ऊसतोडीत मानसं मोजत न्हाईत, कोयते मोजत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर त्याला अर्धा कोयता म्हनत्यात. तर आमी दोघं एक कोयता, मी तोडायचा, तिनं मोळ्या बांधायच्या. धा-बारा सालं असं चाललं. मंग कारखान्याचा एक फिटर हुता, म्हातारा, त्याला दिसत नव्हतं नीट, त्यो मला खांबावर चढवायचा अन् खालनं सांगायचा, लाल वायर धर, काळीला हात लावू नगं. मी म्हनायचो, दोन्ही काळ्याच झाल्यात की ओ. त्यो म्हनायचा, मंग देवाचं नाव घे. असं माझं शिक्षान.

तिथनं गावाकडं आलो अन् झिरो वायरमन झालो. तुमी शहरातलं, तुमाला न्हाई ठावं. बोर्डाचा खरा वायरमन यगळा, त्याला पगार, त्याला डगला, त्याला पोट. त्याच्याच्यानं खांबावर चढवत न्हाई. मंग गावातला एक अडानी धरायचा, त्यानं चढायचं, वायरमननं खाली मोटरसायकलीवर बसून तंबाखू मळायची. त्या अडान्याला झिरो वायरमन म्हनायचं. कागदावर त्यो न्हाईच. मेला तर कोनीच मेला न्हाई. वीस-पंचवीस वर्सं मी ह्या वस्तीचा झिरो हुतो, अन् ह्या वस्तीतला एक बी मानूस मला किसनराव म्हन्ला न्हाई. लाईट गेली की मातुर किसनमामा, किसनमामा. लाईट आली की मामा कोनाचा.

आता कौसाचं काम सांगतो, हे नीट लिव्हा. लाईनीवर काम करायचं तर आधी डीपीकडं, म्हंजी ट्रान्सफॉर्मरकडं, जायाचं. डीपीच्या खाली पेटी असती, तिच्यात पांढऱ्या चिनी मातीच्या ग्रिपा, ग्रिपंत फ्यूजची तार. त्या तिन्ही उपसल्या की फुडची लाईन मेली. पन आमची मानसं कशी, सांगू? तुमी खांबावर, अन् खाली कुनाचा तरी टीव्हीवरचा कारेक्रम चुकतोय, की लगी येनार, कोन चढलंय कोन न्हाई बघनार न्हाई, पेटीत ग्रीप खुपसनार अन् जानार. माझ्याआधी एक झिरो असाच गेला. म्हनून कौसानं ठरवलं. मी ग्रिपा उपसायच्या अन् तिच्या ओटीत टाकायच्या, अन् तिनं डीपीखाली फतकल मारून बसायचं, मी उतरून हात फुडं करस्तवर उठायचं न्हाई. ऊन असू द्या, पाऊस असू द्या. लोक म्हनायचे, मावशे, टाक की एवढी एक ग्रीप, गिरन आडलीय. ती म्हनायची, माज्या ओटीत हात घालतो का, घाल, बघू. कोन घालतंय? लई तिखट बाई. बसल्या बसल्या हातानं काय तरी चालू, कधी तूर निवडायची, कधी गोधडीला टाके. वरनं मला तिचं डोकं दिसायचं, पदर घेतलेलं, इवलंसं. त्याच्याकडं बघत काम करायचो मी. फडात एक कोयता हुतो, हितं एक वायरमन. तिच्याबिगर मी अर्धाच.

सारं गाव म्हनायचं, ह्यो किसन्या एक दिस खांबाला चिकटून मरनार. अन् झालं काय? मी वरच ऱ्हायलो अन् ती खाली गेली. मागल्या साली, बाजरी काढायच्या दिसात, सकाळचं काम, तार तुटली हुती. मी सांधा मारला, उतरलो, हात फुडं केला, म्हन्लो, दे गं. ती बसलेली, डीपीच्या खांबाला टेकून, ग्रिपा ओटीत, दोन्ही हात वर ठेवलेले. म्हन्लो, कौसा, दे की, ऊन झालंय. तिनं दिल्या न्हाईत. मला वाटलं, डोळा लागला. डाक्टर म्हन्ला, छातीचं हुतं, आवाज बी झाला नसंल. मी वर पक्कड हानत हुतो, आवाज झाला असता तर मला तरी कुठं ऐकू येनार हुता.

आता ह्याच्या फुडचं ऐका. मानसं जमली, बाया रडाया लागल्या, अन् तिला अजून घरी न्यायची हुती, तवर आबासाहेब आला. आबासाहेब म्हंजी आमच्या वस्तीचा मोठा बागायतदार, दोन मजली बंगला, पोरगं पुन्याला. आला, टोपी काढली, अन् मला बाजूला घिऊन म्हन्ला, किसन, लई वाईट झालं. तेवढं लाईटीचं कवा हुईल?

आयकलं का? तेवढं लाईटीचं.

मी तिच्या हाताखालनं ग्रिपा काढल्या, एक एक करून, पेटीत बसवल्या. लाईट आली. कुनाच्या तरी घरात लगी रेडू वाजाया लागला. त्या दिसापासनं मी खांबाला हात लावला न्हाई. पक्कड पत्र्यावर फेकली, अजून तिथंच गंजतीय. म्हन्लो, बसा आता अंधारात, तुमची लायकी तीच हाय.

मंग लाईट गेली की दोन दोन दिस येईना. खरा वायरमन बदलून गेला, नवा कोन यायना. वस्ती कंदील शोधाया लागली अन् आबासाहेबानं जनरेटर आनला. पोरानं पुन्याहून टेम्पोत घालून धाडला, लाल रंगाचा, पेट्रोलवरचा. त्याला हार घातला, नारळ फोडला, अन् ठिवला कुठं? जिन्याखाली, घरात! चोरीला जाईल म्हनून. दारं लावून, खिडक्या लावून, मच्छर येत्यात म्हनून. मशीन आत धूर वकतंय अन् ही शहानी मानसं त्याच हवेत पंख्याखाली जेवत्यात.

चार दिसांत घरातल्या सगळ्यांची डोस्की दुखाया लागली. सुनेला वकाऱ्या, म्हातारीला चक्कर, आबाचं तोंड लालबुंद. आता जरा डोकं असलेला मानूस काय म्हनंल? पन न्हाई. आधी दृष्ट काढली. मंग भगत आनला, त्यानं सांगितलं बंगल्याला कुनाची तरी नजर हाय, बहुतेक एका विधुराची. म्हंजी मी! मंग कुनी म्हन्लं साडेसाती हाय, तर गाडी करून सगळी शिंगनापूरला गेली, शनीला डबाभर तेल घालून आली. त्या देवाच्या गावात घरांना दारं नसत्यात, ते बघून तरी कळायचं, की हवा खेळू द्यावी. शनीला तेल वतून आला पन मशीनमधलं तेल हाय का आटलं, ते कधी झाकन काढून बघितलं न्हाई. येताना बरं वाटलं सगळ्यांना. आबा म्हन्ला, बघा, गुन आला. आरं, गाडीच्या खिडक्या उघड्या हुत्या म्हनून गुन आला! घरी आले, मशीन लावलं, पुन्हा वकाऱ्या.

शेवटी वैनी, आबाची बायको, ती माज्या दारात आली. ती बाई बरी हाय, कौसाच्या दहाव्याला तिनं भाकऱ्या थापल्या हुत्या. म्हन्ली, किसनभावजी, तुमी यंत्राचं जानता, येऊन बघता का. तिच्यासाठी गेलो. दारातच समजलं. म्हन्लो, आधी मशीन बंद, समदी दारं उघडा, सगळे भाईर या. मंग आबाला सांगितलं, हे लेकरू न्हाई घरात झोपवायला. ह्याच्या धुरात असा एक वायू असतो, त्याला वास न्हाई, रंग न्हाई, मानूस बसल्या जागी निजतो अन् उठत न्हाई. ह्याला अंगनात ठिव, खिडकी-दारापासनं चांगलं वीस पावलं लांब, धुराडं घराच्या उलट्या बाजूला. वर पत्रा टाक पावसाचा, बाजू चारी मोकळ्या. चोरीचं भ्या असंल तर साखळी घाल, बैलाला घालतोस तशी. पेट्रोल टाकायचं तर आधी बंद कर, थंड हू दे, तापलेल्या मशीनवर वतशील तर शनी बी वाचवनार न्हाई.

अन् म्हन्लो, घराच्या बोर्डाला जोडायचं असंल तर परवान्याचा मिस्त्री आन, चेंजओव्हर बसव. आबा म्हन्ला, ते काय असतं? आता त्याला कसं सांगायचं, तर म्हन्लो, तुज्या शेताला हिरीचं बी पानी हाय अन् कॅनालचं बी हाय, दोन्हीला मिळून एकच दार, हिकडं फिरवलं की हीर, तिकडं फिरवलं की कॅनाल, दोन्ही एकदम कधीच न्हाई. तसं ते, एक तर बोर्डाची लाईट, न्हाईतर मशीनची. आबा हसला. म्हन्ला, किसन, तू जुना मानूस, आता सगळं मोबाईलवर शिकवत्यात. मी म्हन्लो, शिक मंग. आन् आलो घरी. तिथंच चुकलो मी. बघाया पायजे हुतं त्यानं काय केलं. पन मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

त्यानं मशीन अंगनात काढलं खरं, पन फुडं काय केलं, ते सांगतो. एक वायर घेतली अन् तिच्या दोन्ही टोकांना पिन बसवली. एक पिन मशीनमधी, दुसरी घरातल्या मिक्सरच्या बोर्डात. झालं, सगळं घर उजळलं. त्याला वाटलं लई शोध लावला. पन ती लाईट घरापुरती थोडीच ऱ्हाती? मीटरमधनं उलटी भाईर जाती, खांबावर, साऱ्या लाईनीला. मेन बटन पाडलं तर आडती, न्हाई पाडलं तर जाती. आबा म्हने रोज आठवनीनं पाडायचा. आठवनीनं! ज्याला बाईचं प्रेत फुडं असताना काय बोलावं ह्याची आठवन ऱ्हात न्हाई, त्याच्या आठवनीवर वस्तीचा जीव.

आता उनाळ्यात बोर्डानं नवा वायरमन दिला, अन् बघतो तर बाई. रेश्मा नाव. लगीन झालेली, सासर तिकडं आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात, हितं खोली करून ऱ्हाती. वस्तीनं तोंडं वाकडी केली. आबा म्हन्ला, आता बायका चढनार, मंग आमी काय खाली उभं ऱ्हाऊन वर बघायचं का? लोक हसले. मी बी मनात म्हन्लो, चार दिसांत पळंल. पन पैल्या दिशी ती चढली, कमरंला पट्टा, हातात मोजे, टेस्टर लावून बघितल्याबिगर तारंला शिवली न्हाई. मी पंचवीस वर्सं कधी मोजे घातले न्हाईत. घरी येऊन कौसाच्या फोटूला सांगितलं, बाई बरी हाय.

तर त्या दिशी दुपारची येळ, माज्या दारासमुरच्या खांबावर सांधा जळाला हुता. रेश्मा आली, एकटी. तिच्या संगट दुसरा मानूस पायजे, अन् खांबाची तार जमिनीला बांधायची अर्थिंगची साखळी पायजे, पन साखळी एकच अन् ती दुसऱ्या गावाला गेली हुती. मला म्हन्ली, बाबा, डीपीपाशी कोनी बसंल का, ग्रिपा काढल्यात, लोक लावत्यात मधीच. मी म्हन्लो, मी हे धंदे सोडले. तिनं ग्रिपा पिशवीत घातल्या, पिशवी खांद्याला लावली अन् निघाली. पन पेटी उघडीच की हो, रिकाम्या खाचंत नुस्ती तार कोंबनारी बी मानसं हायेत आमच्यात. ती चार पावलं गेली अन् मी म्हन्लो, आन हिकडं.

गेलो अन् बसलो. तिथंच. खांबाला टेकायची जागा गुळगुळीत झालीय कौसाच्या पाठीनं. धोतराचा सोगा पसरला, त्यात ग्रिपा घेतल्या. जड असत्यात हो. मला इतकी वर्सं ठावंच नव्हतं किती जड असत्यात.

रेश्मानं टेस्टर लावला, लाईन मेलेली, चढली. मी खालनं बघतोय. तिनं एक मोजा काढून दातात धरला, बारीक सांधा मोज्यात गावत न्हाई, मी बी तसंच केलं असतं. अन् तेवढ्यात आबाच्या अंगनातनं मशीन सुरू झालं, धडधड धडधड. वाटलं, वाजू दे. मंग मशीन कन्हाया लागलं, चढाला बैल कन्हतो तसं, म्हंजी त्याच्यावर वझं पडलंय. एका बंगल्याचं एवढं वझं कसं? अन् माजी नजर शेजारच्या सोनाबाईच्या खोपटाकडं गेली. तिच्या दारावरचा बल्ब. भर दुपारी, मिनमिन, लाल लाल, पेटला हुता.

तिन्ही ग्रिपा माज्या मांडीवर, अन् बल्ब पेटलेला.

मी असा वरडलो, असा वरडलो, की घसा फाटला. हात काढ! पोरी, हात काढ! लाईट उलटी आलीय! तिचा हात तारंपासनं एवढा, वीतभर. तिनं इचारलं न्हाई काय झालं, का झालं. हात छातीशी घेतला अन् पट्ट्यात टेकून तशीच ऱ्हायली. पुरुष असता तर आधी म्हन्ला असता, काय म्हातारा बोंबलतोय.

ग्रिपा सोग्यात बांधल्या अन् पळालो. गुडघं न्हाईत मला, तरी पळालो. आबाच्या वसरीवर पाव्हनं बसलेले, नातीच्या सोयरिकीचे, त्यांच्यासाठी पंखा लावला हुता. पाव्हन्यांच्या गडबडीत मेन पाडायचा ऱ्हायला. मी आधी मशीन बंद केलं, मंग बोर्डातली पिन उपसली, कारन चालू मशीनची पिन उपसली तर तिच्या उघड्या दातांतच मरन असतं. आबा वरडला, आरं किसन, येडा झाला का, पाव्हनं बसल्यात! मी म्हन्लो, वर बाई बसलीय खांबावर, तिचं काय? म्हन्ला, ग्रिपा तर काढल्यात ना? मी सोगा सोडला अन् तिन्ही ग्रिपा त्याच्या चहाच्या ताटात ठेवल्या. म्हन्लो, ह्या बघ. ह्या हितं हायेत अन् करंट तिथं हाय, तुज्या घरातनं गेलेला. मोबाईलवर शिकलास ना, आता मोबाईलवर बघ प्रेताला खांदा कसा देत्यात.

आबा म्हन्ला, झालं तर न्हाई ना काय? काय सांगू तुमाला ह्या मानसाला. झालं तर न्हाई! मी म्हन्लो, वैनी, कोयता द्या. पाव्हनं उठून उभं ऱ्हायलं. वैनीनं गोठ्यातला कोयता आनून माज्या हातात दिला. मी ती वायर उंबऱ्यावर ठेवली, दोन्ही टोकं तोडली. दोन घाव. ऊस तोडायचा हात हाय, अजून चुकत न्हाई. त्यातला एक पाव्हना म्हन्तो, पन मंग पंखा कसा लागंल? मी म्हन्लो, तुमचं अन् आबाचं चांगलं जमंल, सोयरीक करून टाका.

ग्रिपा उचलल्या, पुन्हा येऊन डीपीखाली बसलो. खालनं हाक मारली, कर आता, हाय मी. तिनं आधी टेस्टर लावला, दोनदा लावला, मोजा घातला अन् मंग तारंला हात. मंग उतरली. पानी प्याली. माज्या फुडं हात केला, म्हन्ली, बाबा, द्या.

मी दिल्या.

आता आबाकडं चेंजओव्हर बसलाय. मिस्त्रीचं काम हुईस्तवर वैनी तिथनं हालली न्हाई म्हनत्यात. मशीन अंगनात साखळीला हाय, अन् आबा सगळ्यांना सांगत फिरतो, बाबांनो, सुरक्षा महत्त्वाची, माज्याकडं येऊन बघा. सांगू दे. गाढवाच्या पाठीवर बी पोथी लादता येती. माज्याशी बोलत न्हाई, ते एक बरं झालं.

तुमी एवढं लिव्हून घेताय, तुमच्या घरी बी हाय ना तसलं मशीन? कुठं ठिवलंय? गॅलरीत? अन् गॅलरीला काचा? मंग हसताय काय, तुमच्यात अन् आबात फरक काय? घरी गेल्यावर आधी भाईर काढा, मंग हे कागद लिव्हा.

माझं काय, आता रेश्मा आली की लांबनंच हाक मारती, बाबा, चला. मी जातो. संगट तूर घिऊन जातो निवडायला. मला निवडाया येत न्हाई, खडे ऱ्हात्यात, दाताखाली येत्यात. लोक येत्यात, म्हनत्यात, मामा, लाईटीचं कवा हुईल? मी वर बघत न्हाई. ती वर हाय तवर मी हितनं उठत न्हाई, अन् माज्या सोग्यात हात घालायची कुनाची छाती न्हाई. तुमच्या घरात उजेड ऱ्हाऊ द्या. खांबावरची परत्येक बाई, परत्येक गडी दिवसाउजेडी घरी जाऊ द्या. आमचं झालं. अर्धा कोयता हाय, हुईल तेवढं करतो.